डंख गेलेली कंडाली

कंडाली ही हिमालयाच्या उतारांवर, गावांच्या कडेला, गोठ्यांच्या मागे आणि पडक्या भिंतींच्या आधाराने वाढणारी बहुवर्षायू वनस्पती. गढवालात ती कंडाली, कुमाऊंत सिसूण, नेपाळात सिस्नु आणि काश्मीरमध्ये सोय. उत्तराखंडात ट्रेकला गेलेल्या मराठी मंडळींना ती ‘बिच्छू घास’ म्हणून भेटते, तीही बहुधा पायवाटेवर पोटरीला चाटून गेल्यावर. इंग्रजीत तिचे नाव नेटल. तिचाच वाळलेला पाला अलीकडे ‘नेटल टी’ म्हणून पाकिटांतून विकला जातो, आणि सांधेदुखीपासून रक्तवाढीपर्यंत सगळ्यावर तो गुणकारी असल्याचे पाकिटावर छापलेले असते.

युरोपातल्या जातीचे शास्त्रीय नाव अर्टिका डायोइका. हे नाव लिनियसने 1753 साली दिले. हिमालयात तिच्याबरोबर अर्टिका आर्डेन्ससारख्या सख्ख्या बहिणीही वाढतात, आणि स्थानिक लोक त्यांच्यात फारसा भेद करत नाहीत. रोप कमरेएवढे, कधी डोक्याएवढे उंच होते. पाने समोरासमोर, करवती काठांची आणि टोकाला निमुळती असतात. जमिनीखाली पिवळसर मुळांचे जाळे पसरलेले असते. नत्र आणि स्फुरद भरपूर असलेली माती तिला मानवते, म्हणून शेणखताच्या ढिगाऱ्याजवळ ती हमखास उगवते. डोंगरात उजाड झालेले जुने घर दिसले नाही तरी कंडालीचे दाट रान दिसले, तर तिथे पूर्वी गोठा असावा असे समजायला हरकत नसते.

तिच्या अंगावरची लव दोन प्रकारची असते. साधी लव निरुपद्रवी. डंख करणारा केस वेगळा असतो: एकच लांब पेशी, बुडाशी फुगीर, आणि टोकाला सिलिकाची ठिसूळ गुंडी. हात लागला की गुंडी मोडते, उरलेली तिरकी धार कातडीत घुसते आणि बुडातला द्रव आत जातो. हा दाह फॉर्मिक आम्लाचा असतो असे बऱ्याच पुस्तकांत लिहिलेले असते, पण त्याचे प्रमाण अगदी थोडे असते. हिस्टामीन, ॲसिटिलकोलीन आणि सेरोटोनिन या द्रव्यांचा वाटा मोठा असतो. हिस्टामीनमुळे गांधी उठतात आणि खाज सुटते. झिणझिण्या मात्र कधी कधी दुसऱ्या दिवसापर्यंत राहतात.

पाला शिजवला, वाटला किंवा पुरता वाळवला की डंख जातो. शिजवताना केस लुळे पडतात आणि त्यांतला द्रव पाण्यात मिसळून निकामी होतो. वाटताना ते चिरडले जातात. वाळताना केसांतला द्रव आटतो आणि केस इतके ठिसूळ होतात की कातडीत शिरण्याआधीच त्यांचा भुगा होतो. अर्धवट वाळलेल्या पाल्यात मात्र काही केस शाबूत राहतात. म्हणून वाळवणीच्या सगळ्या टप्प्यांत हातमोजे घालावे लागतात, आणि वाळलेला पाला चुरतानाही ते काढू नयेत. त्याची धूळ नाकाघशाला चुरचुरते, तेव्हा नाकावर फडके बांधलेले बरे.

महाराष्ट्रातल्या वाचकाने इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सह्याद्रीत अंगाला खाज आणणाऱ्या वनस्पती पुष्कळ आहेत, पण त्यांतली कुठलीही ही कंडाली नव्हे. खाजोटी, आग्या, खाजकोलती ही नावे भागागणिक वेगवेगळ्या झाडांना लावली जातात. त्यांतली काही नेटलच्या कुळातली आहेत, तर काही थेट एरंडाच्या कुळातली. खाजकुइली तर शेंगांचा वेल आहे. तिची खाज शेंगेवरच्या कुसांतून येते आणि तिच्या बियांचा आयुर्वेदातला उपयोग पूर्ण वेगळा आहे. युरोपातल्या पुस्तकात नेटलच्या चहाची कृती वाचून भीमाशंकरच्या किंवा आंबोलीच्या रानातला खाजरा पाला कोणी घरी आणू नये. संस्कृत ग्रंथांतली वृश्चिकाली म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, यावरही अभ्यासकांचे एकमत नाही. त्यामुळे ‘आयुर्वेदात सांगितलेली बिच्छू घास’ असे पाकिटावर लिहिलेले असले, तर ते जपूनच घ्यावे.

हिमालयात कंडाली आधी भाजी आहे, मग औषध. वसंतात फुटलेले कोवळे शेंडे चिमट्याने खुडतात, उकडतात, घोटतात, दाटपणासाठी त्यात तांदूळ किंवा पीठ घालतात आणि वरून जख्या नावाच्या तिथल्या बियांची फोडणी देतात. नेपाळात सिस्नुची पातळ भाजी ढिंडोबरोबर, म्हणजे घट्ट शिजवलेल्या पिठाबरोबर, खातात, आणि सिस्नुची वाळवून केलेली पूडही तिथे दुकानांत मिळते. अकराव्या-बाराव्या शतकातला तिबेटी योगी मिलारेपा गुहेत वर्षानुवर्षे केवळ हीच भाजी खाऊन राहिला आणि त्याचे अंग हिरवे पडले, अशी कथा आहे. कित्येक जुन्या चित्रांत तो हिरवटच रंगवलेला दिसतो. डोंगरातल्या कित्येकांची कंडालीशी पहिली ओळख ताटात होत नाही. खोड्या केल्यावर नडगीवर बसलेल्या फटक्यातून ती होते.

भाजी म्हणून ती खरोखर सकस आहे. उकडलेल्या 100 ग्रॅम पाल्यात सुमारे 480 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे प्रौढ माणसाच्या दिवसाच्या गरजेच्या जवळपास निम्मे. व्हिटॅमिन के आणि कॅरोटीन भरपूर. लोहाचा गवगवा मात्र अवाजवी आहे. त्याच 100 ग्रॅममध्ये लोह असते दीड-पावणेदोन मिलिग्रॅम, आणि भारतीय प्रौढ स्त्रीसाठी आयसीएमआरने सुचवलेली रोजची मात्रा आहे 29 मिलिग्रॅम. आता चहाच्या एका कपात पडतो दोन ग्रॅम वाळलेला पाला, म्हणजे ओला दहा-बारा ग्रॅम. त्यातले लोह सगळेच्या सगळे पाण्यात उतरले असे धरले तरी हिशेब 0.2 मिलिग्रॅमच्या आसपास थांबतो. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईने नेटलच्या चहावर विसंबून डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करणे हे सरळ नुकसानीचे आहे. पाकीट विकणाऱ्याने हा हिशेब छापायला हवा. तो कोणी छापत नाही.

औषध म्हणून नेटलची परंपरा युरोपात जुनी आहे. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याच्या ग्रंथात तिची नोंद आहे. दुखऱ्या सांध्यावर ओल्या पाल्याचे फटके मारायचा अघोरी वाटणारा उपायही तिकडे शतकानुशतके चालत आला. इंग्लंडमध्ये प्लिमथ इथल्या संशोधकांनी तो रीतसर तपासून पाहिला. अंगठ्याच्या बुडाशी संधिवाताचे दुखणे असलेल्या 27 जणांना एक आठवडा डंखाचे पान आणि एक आठवडा तसेच दिसणारे बिनडंखाचे पान लावायला दिले. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत डंखाच्या पानाने दुखणे जास्त उतरले होते. डंख कोणता हे कातडीला लगेच कळते, त्यामुळे कुठले पान खरे हे रुग्णापासून लपवणे अवघड, ही या प्रयोगाची उघड मर्यादा. मुख्य म्हणजे तो ओल्या पानाचा प्रयोग होता. वाळलेल्या पाल्याच्या जाहिरातीत त्याचा दाखला देणे ही लबाडी झाली.

वाळलेल्या पाल्याबद्दल अधिकृतपणे जे म्हटले गेले आहे ते बेताचे आहे. जर्मनीत 1978 साली नेमलेल्या ‘कमिशन ई’ या तज्ज्ञ समितीने पाल्याला दोन कामांसाठी मान्यता दिली: संधिवाताच्या दुखण्यात मुख्य उपचाराला जोड म्हणून, आणि लघवीचे प्रमाण वाढवून मूत्रमार्ग धुतला जावा म्हणून, ज्यात मूतखड्याची बारीक रेती जाण्यास मदत होणेही आले. त्यासाठी दिवसाला 8 ते 12 ग्रॅम वाळलेला पाला, पुरेशा पाण्यासह, अशी मात्रा तिने ठरवली. युरोपियन मेडिसिन्स एजन्सीनेही जवळपास याच कामांसाठी नेटलला ‘पारंपरिक वापर’ या वर्गात ठेवले आहे. किमान 30 वर्षे, त्यांतली 15 युरोपियन संघाच्या देशांत, वापर होत आला असेल आणि त्यातून अपाय दिसला नसेल, तर वनस्पतीला या वर्गात जागा मिळते. गुण आल्याचा प्रयोगसिद्ध पुरावा त्यासाठी लागत नाही.

शिंका आणि वाहत्या नाकाच्या ॲलर्जीवर नेटल घेणारे अमेरिकेत पुष्कळ आहेत. त्याचा उगम 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात आहे. त्यात 98 जण सहभागी झाले, 69 जणांनी तो पूर्ण केला, आणि एका आठवड्यात नेटल घेणाऱ्यांना खोटे औषध घेणाऱ्यांपेक्षा थोडे अधिक बरे वाटले. तिथे वापरलेला पाला गोठवून निर्वात यंत्रात वाळवलेला होता. घरात सावलीत वाळवलेल्या पाल्याला तोच गुण असेल असे त्यावरून सांगता येत नाही.

मूळ हा निराळा विषय आहे. प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याने लघवीची धार मंद होणे, रात्री वारंवार उठावे लागणे, या तक्रारींवर युरोपात पाल्याऐवजी मूळ देतात. कमिशन ई ने सांगितलेली त्याची मात्रा दिवसाला 4 ते 6 ग्रॅम आहे. मुळाने त्रास हलका होतो, वाढलेली ग्रंथी लहान होत नाही. म्हणूनच कर्करोग किंवा दुसरे गंभीर कारण नाही हे डॉक्टरांकडून तपासून घेतल्यावरच ते घ्यायचे असते.

चहा करायची रीत सोपी. दोन ग्रॅम वाळलेला पाला कपात घ्यायचा, वर 150 मिलिलिटर उकळते पाणी ओतायचे, झाकण ठेवायचे आणि दहा-पंधरा मिनिटांनी गाळायचे. दोन ग्रॅम म्हणजे साधारण दोन ते अडीच चहाचे चमचे. पण पाला जाड चुरलेला की बारीक यावर चमच्यात मावणारे वजन बदलते, तेव्हा पहिल्यांदा तरी काट्यावर तोलून पाहावे. चव पालकाच्या पाण्यासारखी, किंचित गवताळ. लिंबू पिळले की ती सुधारते. दूध घालून उकळायचा मराठी मोह आवरावा, त्याने चव बिघडते. दिवसातून दोन-तीन कप, तेही काही दिवसच, एवढ्यावर बहुतेकांनी थांबावे. नेटलचा चहा लघवी वाढवतो, त्यामुळे तो दिवसा घ्यावा आणि सोबत साधे पाणी नेहमीइतके प्यावे.

अमेरिकेतल्या वनौषधींच्या पुस्तकांत दुसरी एक रीत असते: एका लिटर उकळत्या पाण्यात 30 ग्रॅम पाला टाकून बरणी रात्रभर तशीच ठेवायची. खनिजे अधिक उतरतात हे खरे. पण ती रीत थंड हवेतल्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेली आहे. नागपूरच्या मे महिन्यात पाल्याचे कोमट पाणी रात्रभर ओट्यावर ठेवले तर सकाळी ते आंबलेले निघण्याचा संभव मोठा. असा गाढ अर्क करायचाच असेल तर पाणी निवताच बरणी फ्रीजमध्ये ठेवावी आणि चोवीस तासांत संपवावी. शिवाय 30 ग्रॅम ही कमिशन ई च्या दिवसाच्या कमाल मात्रेच्या अडीचपट होते, याकडे ती पुस्तके काणाडोळा करतात.

पूड थालीपिठात, पराठ्यात, सूपमध्ये घालता येते. इथे तिचा व्यवहार कसुरी मेथीसारखा आहे. चहात न उतरणारी व्हिटॅमिन के, कॅरोटीन आणि प्रथिने पुडीतून पोटात जातात, त्यामुळे पोषणाच्या दृष्टीने पूड चहापेक्षा सरस. केस गळू नयेत म्हणून नेटलच्या पाण्याने डोके धुण्याचा प्रघात युरोपातही आहे आणि आता इथल्या शाम्पूंच्या बाटल्यांवरही दिसतो. त्याने डोके स्वच्छ होते, याहून जास्त अपेक्षा धरू नये.

नेटल कोणी घेऊ नये, हा भाग पाकिटावर सगळ्यांत बारीक अक्षरात असतो. हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे असल्याने ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी मूत्रमार्ग धुण्यासाठी म्हणून हा चहा घेणे धोक्याचे आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णांना त्यातल्या पोटॅशियमचाही विचार करावा लागतो. रक्त पातळ राहावे म्हणून वॉरफेरिन किंवा असेनोकुमॅरॉल घेणाऱ्यांनी पूड तर टाळावीच, कारण व्हिटॅमिन के त्या गोळ्यांच्या नेमके उलट काम करते. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या, मधुमेहाच्या आणि लिथियमच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे. गर्भवतींनी आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी औषधी मात्रेत तो घेऊ नये, लहान मुलांना देऊ नये. काहींना पोट बिघडणे, मळमळ, अंगावर पुरळ असा त्रास होतो. तो झाला की थांबावे. लघवीत रक्त, ताप किंवा कंबरेत कळ असेल, तर चहा करत बसण्याची ती वेळ नव्हे.

पाला कसा खुडला, यावर पुढचे बरेच अवलंबून असते. फुलोरा येण्याआधीचे वरचे चार-सहा पानांचे शेंडे सर्वांत चांगले. फुले धरल्यावर पाने राठ होतात आणि त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे वाढत जातात. असे पान किरकिरे लागते, आणि जुने जाणकार ते मूत्रपिंडाला बाधते म्हणून वर्ज्य मानतात. हिमालयात म्हणून वसंत हा खुडणीचा हंगाम. रोप एकदा कापले की पुन्हा कोवळे फुटते, त्यामुळे दुसरी खुडणी घेता येते. दव उडाल्यावर, पण ऊन चढण्याआधी खुडावे. रस्त्याच्या कडेचा, नाल्याजवळचा, उकिरड्यावरचा पाला कितीही तजेलदार दिसला तरी सोडून द्यावा. ही वनस्पती मातीतले नायट्रेट आणि जड धातू उचलते, आणि वाळल्यावर ते पाल्यात साठलेले राहतात.

दुसऱ्या महायुद्धात परदेशी औषधांचा पुरवठा तुटला, तेव्हा ब्रिटनमध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत वनौषधी समित्या नेमल्या गेल्या. गावोगावच्या महिला मंडळांनी आणि शाळेतल्या मुलांनी रानातून वनस्पती गोळा केल्या. त्यांत नेटलही होती, आणि तिच्यातले हरितद्रव्य कामाचे होते. अशा गोळा केलेल्या ओल्या पाल्याचे दोन दिवसांत काय होते, हे कोथिंबिरीची जुडी पिशवीत विसरणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. म्हणून वाळवण त्याच दिवशी सुरू व्हावे लागते. पाला शक्यतो धुऊ नये. धुवावाच लागला तर झटकून, फडक्यावर पसरून पाणी पुरते उडवावे.

वाळवायची जागा सावलीची आणि खेळत्या हवेची असावी. उन्हात पाला लवकर वाळतो खरा, पण त्याचा हिरवा रंग उडतो, आणि रंगाबरोबर कॅरोटीन आणि इतर नाजूक द्रव्येही कमी होतात. पापड-कुरडयांसाठी गच्चीवरचे कडक ऊन लागते, औषधी पाल्यासाठी ते नको. देठांसकट सात-आठ काड्यांच्या लहान जुड्या बांधून उलट्या टांगाव्यात, किंवा जाळीच्या चौकटीवर एकेरी थर पसरावा. जुडी जाड झाली की मधली पाने गुदमरतात आणि काळी पडतात. एकदा काळे पडलेले पान पुन्हा हिरवे होत नाही, ते काढून टाकावे. कोरड्या हवेत चार ते सात दिवस पुरतात. यंत्रात वाळवायचे तर उष्णता 40 अंश सेल्सियसच्या वर नेऊ नये. मायक्रोवेव्ह नको: पान बाहेरून करपते, देठ ओलाच राहतो. चार ते सहा किलो ओल्या पाल्यातून साधारण किलोभर वाळलेला पाला निघतो.

वाळणे पुरे झाले की नाही, याची परीक्षा पानापेक्षा देठावर करावी. पान दोन दिवसांतच कुरकुरीत वाटते, पण देठ वाकवल्यावर तो कट्‌ असा मोडला पाहिजे. नुसता वाकला तर अजून ओल आहे. युरोपियन औषधकोशात या पाल्यातल्या ओलाव्याची कमाल मर्यादा 12 टक्के आहे. घरी ती मोजता येत नाही, पण एक युक्ती चालते. पाला काचेच्या बरणीत भरून झाकण घट्ट लावावे आणि दोन दिवस रोज पाहावे. काचेवर आतून दव धरले किंवा पाने मऊ पडली तर बाहेर काढून पुन्हा वाळवावा. हे पहिल्या दोन दिवसांतच करायचे. बुरशी आल्यावर वाळवून काही साधत नाही. बुरशी मरते, तिने सोडलेले विष तसेच राहते.

साठवताना पाला जितका अखंड ठेवता येईल तितका ठेवावा. पान चुरले की हवेला उघडा पडणारा भाग वाढतो आणि रंग-वास झपाट्याने जातो. पूड एकदम महिन्याभराची करावी, वर्षाची नको. देठ वेगळे काढून पाने हलक्या हाताने बरणीत भरावीत. काचेची घट्ट झाकणाची बरणी किंवा आतून स्वच्छ पत्र्याचा डबा उत्तम. प्लॅस्टिकची पातळ पिशवी आतबाहेर ओल जाऊ देते. बरणी पारदर्शक असेल तर ती बंद कपाटात जावी. गॅसच्या वरची फळी मसाल्यांसाठीही वाईटच, पण पाल्यासाठी तर तिथली वाफ आणि उष्णता दोन्ही घातक. बरणीवर वनस्पतीचे नाव, जागा आणि खुडल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. वाळलेला हिरवा पाला सगळा एकसारखाच दिसतो, आणि सहा महिन्यांनी कोणती बरणी कशाची हे घरातल्या कोणालाच सांगता येत नाही.

खरी कसोटी पावसाळ्यात लागते. हवेतली सापेक्ष आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की वाळलेला पाला ओल शोषू लागतो आणि बुरशीला पुरेसे पाणी मिळते. जुलैत मुंबईत आणि कोकणात ती 80 टक्क्यांच्या वर सहज असते. डेहराडूनच्या कोरड्या खोलीसाठी छापलेली ‘दोन वर्षे टिकते’ ही ग्वाही रत्नागिरीत लागू पडत नाही. इथे एक मोठी बरणी रोज उघडण्यापेक्षा पाला लहान लहान बरण्यांत विभागावा आणि रोजच्या वापराची एकच उघडावी. प्रत्येकीत खाद्यपदार्थांसाठीच्या सिलिका जेलची पुडी टाकावी. चमचा कोरडा हवा, आणि उकळत्या भांड्यावर बरणी तिरपी करून पाला ओतायची सवय सोडावी, कारण वाफ थेट बरणीत जाते.

वाळलेल्या वनौषधींना कीडही लागते, मुख्यतः तपकिरी रंगाचे दोन-तीन मिलिमीटरचे भुंगे. पाल्यात बारीक भोके, तळाशी पिठासारखा भुगा आणि जाळी दिसली की समजावे. नवीन पाला घरात आल्यावर तो हवाबंद पिशवीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवला, तर अंडी-अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर गार पाल्यावर हवेतली वाफ साचते आणि सगळी मेहनत वाया जाते. कीड पडलेला पाला चाळून वापरणे ही काटकसर इथे उपयोगाची नाही.

विकत घेणाऱ्यांनी रंग आणि वास पाहावा. चांगला पाला गडद हिरवा असतो आणि त्याला ताज्या गवताचा वास येतो. पिवळट, तपकिरी, धुळकट किंवा कुबट वासाचा पाला परत करावा. पाकिटावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, पान की मूळ याचा उल्लेख, खुडणीचे किंवा पॅकिंगचे वर्ष आणि एफएसएसएआयचा क्रमांक असावा. उत्तराखंडातल्या महिला बचत गटांचा पाला गाव आणि हंगाम सांगून विकलेला मिळाला, तर तो परदेशी डब्यातल्या दोन वर्षांच्या जुन्या पाल्यापेक्षा बहुधा सरसच निघतो. होमिओपॅथीच्या दुकानातले ‘अर्टिका युरेन्स’ हे नेटलच्याच दुसऱ्या जातीपासून केलेले, बहुधा अतिशय विरल औषध आहे. वाळलेल्या पाल्याऐवजी ते घेऊन चालत नाही.

नीट ठेवलेला पाला वर्षभर आपला रंग आणि वास टिकवतो, पूड सहा महिने, मूळ दोन-तीन वर्षे. मुदत संपल्यावर तो विषारी होत नाही, नुसता निकामी होतो. चहात हिरवी झाक उतरत नाही आणि चव कागदासारखी लागते. मग तो फेकायचीही गरज नाही. कंडालीच्या पाल्यात नत्र भरपूर असते, कुंडीतल्या मातीत मिसळला की त्याचे चांगले खत होते. पुढच्या वसंतातला ताजा पाला येईपर्यंत बरणी धुऊन, उन्हात कडक वाळवून ठेवावी.